नव्या फळ्यावरील नवे शब्द

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डिचोली येथे भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने आजवर शिष्यवृत्त्या वाटल्या, शिवणयंत्रे दिली, वृद्धांचे डोळे तपासून चष्मे दिले. या महोत्सवी वर्षात कार्यवाहांनी मला निरोप धाडला तो असा : "बाई, मुले फोनवर काय लिहितात, काय वाचतात ते आम्हां आईबापांना कळत नाही. निदान त्यातले शब्द तरी समजावून द्या." मी मराठी शिकवते, यंत्रविद्येशी माझा संबंध बेताचाच. परंतु हा प्रश्न यंत्राचा थोडा आणि भाषेचा फार, असे माझे मत असल्यामुळे मी होकार दिला.

प्रथम ही वस्तू काय ते सांगते. गावच्या नाक्यावर किंवा वाचनालयाच्या भिंतीवर काळा फळा असतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी वारले, सभा भरणार आहे, नळाला उद्या पाणी येणार नाही, अशा दोन ओळी त्यावर खडूने लिहिलेल्या असतात. आता अशी कल्पना करा की गावातील प्रत्येक माणसाच्या दारावर असाच एक लहानसा फळा टांगलेला आहे. ज्याला वाटेल त्याने आपल्या फळ्यावर दोन-चार ओळी लिहाव्यात. जाणाऱ्या-येणाऱ्याने त्या वाचाव्यात. एखाद्याला मजकूर आवडला तर त्याने तो आपल्या दारावरच्या फळ्यावर उतरून घ्यावा. मग त्याच्या दारावरून जाणारे तो वाचतील. मात्र हे गाव म्हणजे सगळे जग. बस, एवढेच. याला इंग्रजीत मायक्रोब्लॉगिंग म्हणतात. मराठीत लघुलेखन म्हणावे, तर तो शब्द स्टेनोग्राफर मंडळींनी फार पूर्वीच घेऊन ठेवला आहे. तेव्हा आज आपण फळाच म्हणू.

या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध फळा म्हणजे ट्विटर. तो अमेरिकेत २००६ साली सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी तो विकत घेतला आणि जुलै २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून 'एक्स' केले. निळी चिमणी गेली. तरी लोक अजून ट्विटरच म्हणतात, जसे आपण मडगावला जाणारे लोक अद्याप जुन्या दुकानांच्या खुणा सांगतो. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, थ्रेड्स ही त्याची भावंडे. चीनमध्ये वेबो आहे. आपल्याकडे बंगळूरहून 'कू' नावाचा फळा २०२० मध्ये निघाला होता. त्यात मराठीत लिहिण्याची खास सोय होती, परंतु पैशाची जुळवाजुळव न झाल्याने जुलै २०२४ मध्ये तो बंद पडला. फळा आपल्या दारावर असला तरी त्याची खिळा-दोरी दुसऱ्याच्या हाती असते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता या फळ्यावर थोडेच का लिहावयाचे? कारण मुळात तो मोबाइलच्या एसएमएससाठी बनविला होता. एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या जर्मन अभियंत्याने टंकयंत्रावर नाना तऱ्हेची वाक्ये लिहून पाहिली आणि माणसाचे बहुतेक म्हणणे १६० अक्षरांत बसते असे ठरविले. त्यातली २० अक्षरे लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून ट्विटरने उरलेली १४० मजकुराला दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली. येथे मराठीच्या शिक्षिकेला थोडी तक्रार करू द्या. यंत्र आपली अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढेच काय पण पाय मोडल्याची खूणसुद्धा ते वेगळी मोजते. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो दहांचा. पेडणे पाच, डिचोली सहा. आणि एसएमएसमध्ये तर देवनागरीला १६० नव्हे, केवळ ७० जागा मिळतात. मुले मराठी इंग्रजी अक्षरांत का लिहितात, असे पालक रागाने विचारतात. त्याच्या अनेक कारणांतील एक कारण हे आहे.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांस ही काटकसर नवी नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून "आई अत्यवस्थ, लवकर निघा" एवढेच लिहीत. मुंबईला किंवा आखातात असलेला मुलगा त्या चार शब्दांतून सगळे समजून घेई. सणासुदीच्या शुभेच्छांना तर तारखात्याने क्रमांकच देऊन ठेवले होते. क्रमांक सांगितला की ठरीव वाक्य पोचे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, परंतु थोडक्यात लिहिण्याची ती खोड नातवंडांच्या हाती आली आहे. एल-ओ-एल ही तीन अक्षरे म्हणजे 'मोठ्याने हसतो आहे'. हे माहीत नसले तर काय होते पाहा. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना त्याचा अर्थ 'पुष्कळ प्रेम' असा वाटे आणि ते आपल्या निरोपाखाली तीच अक्षरे घालीत, ही गोष्ट २०१२ साली एका चौकशीत साक्षीतून बाहेर आली. कोणाच्या निधनाच्या बातमीखाली आपल्या हातून ही तीन अक्षरे पडू नयेत, म्हणून सांगितले.

इंग्रजी अक्षरांतल्या मराठीचे संकट निराळे. एम-ए-एल-ए असे लिहिले तर ते 'मला' की 'माला', 'मळा' की 'माळा'? के-ए-एल म्हणजे 'काल', 'काळ', 'कळ' की 'कल'? आमच्या गोव्यात तर कोकणी आणि मराठी दोन्ही याच अक्षरांत लिहितात, मध्ये हिंदी-इंग्रजी पेरतात, आणि वाचणाऱ्याने अंदाजाने घ्यावयाचे असते. मी वर्गात मुलांना सांगते : देवनागरीची कळफलक-सोय प्रत्येक फोनमध्ये आहे, ती चालू करून घ्या. ऐकतात थोडी.

आता शब्द घेऊ. फळ्यावर लिहिलेल्या मजकुराला ट्वीट म्हणत. अलीकडे पोस्ट म्हणतात. फळ्यावरच्या नावाला हँडल म्हणतात. ते फार तर १५ अक्षरांचे आणि इंग्रजीतच असावे लागते. त्याच्या वर दिसणारे नाव मात्र मराठीत लिहिता येते. कोणाचा फळा रोज वाचावयाचे ठरविले की त्याला 'फॉलो' केले असे म्हणतात. फॉलोअर म्हणजे अनुयायी, असे शब्दकोश सांगेल, पण तसे समजू नका. पुष्कळ लोक ज्याच्यावर चिडलेले असतात त्यालाच फॉलो करतात. टीएल म्हणजे टाइमलाइन, आपल्यापुढून सरकणारा मजकूर. डीएम म्हणजे फळ्यामागून दिलेली खाजगी चिठ्ठी. एकामागून एक जोडून लिहिलेल्या मजकुराला थ्रेड म्हणतात, धाग्यात ओवलेल्या मण्यांसारखा. थोडक्यात लिहिण्यासाठी काढलेल्या फळ्यावर लोक अखेर पंचवीस-पंचवीस मण्यांच्या माळा ओवू लागले, याची मला मौज वाटते.

नावापुढे निळी खूण दिसली की माणूस खरा, अशी समजूत पुष्कळांची आहे. पूर्वी ते खरे होते. आता ट्विटरवर ती खूण दरमहा पैसे भरूनही मिळते. तेव्हा तिला दुकानावरच्या पाटीइतकाच मान द्यावा.

हॅशटॅग हा शब्द मुलांच्या तोंडी फार. दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची जी जाळी फोनवर असते, #, ती शब्दाला लावली की त्या विषयावरचे जगभरचे सगळे फळे एका ओळीत उभे राहतात. ही युक्ती क्रिस मेसिना या गृहस्थाने ऑगस्ट २००७ मध्ये सुचविली. कंपनीला त्या वेळी ती फारशी पटली नव्हती. गोव्यातील उदाहरण द्यावयाचे तर मोलेच्या अरण्याचे आहे. २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना त्या अरण्यातून जाणारा दुहेरी लोहमार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांविरुद्ध तरुण मुलामुलींनी 'सेव्ह मोले' ही अक्षरे जाळी लावून लिहिली, चित्रे काढली, आणि पणजीत काय चालले आहे ते पेडण्याच्या मुलालाही कळू लागले. लोहमार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. न्यायालय पुराव्यावर चालते, जाळीवर नव्हे, हे खरे. पण विषय लोकांपुढे राहिला तो त्या जाळीमुळे.

या फळ्याचा उपकारही मोठा आहे. राजापूरचे खासदार राहिलेले सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. तेव्हा चालत्या गाडीतून कोणी आईने बाळाला दूध नाही असे दोन ओळींत कळवावे आणि पुढच्या स्थानकावर दूध यावे, असे घडले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी परदेशांत अडकलेल्या कित्येक भारतीयांना याच फळ्यावरून हात दिला. आपल्या ज्या घरांतली माणसे कुवेत-दुबईला आहेत, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

आता ज्यासाठी मी आज मुख्यतः उभी राहिले आहे त्या शब्दाकडे येते. तो शब्द रिट्वीट, थोडक्यात आरटी. दुसऱ्याच्या फळ्यावरचा मजकूर जसाच्या तसा आपल्या फळ्यावर घेणे, याला रिट्वीट म्हणतात. आरंभी यासाठी बटण नव्हते. लोक 'आरटी' ही अक्षरे लिहून मजकूर हाताने उतरून घेत. उतरून घ्यावयाचे म्हणजे निदान एकदा वाचावे लागे. २००९ मध्ये बटण आले आणि वाचण्याची गरज संपली. ज्यांच्या हाताखाली ते बटण तयार झाले त्या क्रिस वेदरेल यांनीच दहा वर्षांनंतर त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २०२० मध्ये कंपनी लोकांना विचारू लागली की, हा लेख पुढे पाठविण्यापूर्वी आपण उघडून वाचला आहे काय? यापेक्षा अधिक लाजिरवाणा प्रश्न मी कोणत्या परीक्षेत पाहिला नाही.

पुष्कळ प्रतिष्ठित माणसे आपल्या नावाखाली एक ओळ लिहून ठेवतात : आरटी म्हणजे अनुमोदन नव्हे. याचा अर्थ असा की, मी केवळ पुढे दिले, ते माझे म्हणणे नव्हे. मला हे मान्य नाही. माझ्या दारावर मजकूर आहे, येणारा-जाणारा माझ्या दारावर तो वाचतो, माझ्यावर विश्वास आहे म्हणून खरा मानतो, आणि मी म्हणावे की अक्षर माझे नाही? आपल्या भाषेत 'ध' चा 'मा' हा वाक्प्रचार आहे. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' अशी चिठ्ठी होती, वाटेत तिचे 'मारावे' झाले, आणि १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात जे व्हावयाचे ते झाले, असे सांगतात. ती कथा अक्षरशः कितपत खरी हा वाद इतिहासकारांचा. पण त्या कथेत चिठ्ठी नेणाऱ्याने अक्षर वाचून पाहिले नाही, हे मात्र मला नेहमी खटकते.

पालघरची हकीकत आपल्याला आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याखाली पसंतीचा अंगठा दाबला. लिहिणारी आणि नुसता अंगठा दाबणारी, दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. अटक अन्यायाची होती. पुढे खटला मागे पडला, आणि ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदविले जात ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. मुलींच्या बाजूने निकाल लागला याचा मला आनंद आहे. तरीही एका अंगठ्याला जग बोलणे समजते, एवढे त्यातून दिसलेच.

दुसरी हकीकत सांगताना जीभ जड होते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवड्याच्या बाजारासाठी लोक जमले होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. ते निरोप ज्यांनी पुढे पाठविले, त्यांतील बहुतेकांनी कोणाच्या अंगाला बोटही लावले नव्हते. आपापल्या घरी बसून, मुलाबाळांच्या काळजीपोटीच त्यांनी ते बटण दाबले असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे केले. पुढे पाठविलेल्या मजकुरावर बाणाची खूण येते. दोन बाण असले तर तो फार हातांतून आला आहे असे समजावे.

आपल्या तालुक्यांतही हे येऊन पोचले आहे. मागे एका पावसाळ्यात तिळारी धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची गावे रिकामी करा, असा मजकूर सकाळी दहाच्या सुमारास सगळीकडे झाला. इब्रामपूर, हणखणे, चांदेल या बाजूच्या लोकांना पाण्याची भीती पुस्तकातली नाही. जुलै २०२१ चा पूर त्यांनी घरात घेतला आहे. माझ्या ओळखीच्या एका शाळेत पालक धावत आले, मुलांना वर्गातून ओढून नेऊ लागले, पावसात दोन दुचाक्या घसरल्या, एका आजीचा हात मोडला. मजकूर खराच होता, पण आदल्या एका वर्षीचा. त्यावर तारीख नव्हती. नाक्यावरच्या फळ्यावर कालचे पुसून आजचे लिहितात. या फळ्यावर काहीच पुसले जात नाही, आणि जुने नव्यासारखे दिसते. म्हणून मी मुलांना तीनच गोष्टी विचारावयास शिकवते : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोठले लिहिले. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत बोट वर धरावे.

आणखी एक शब्द राहिला, तो ट्रोल. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी अचानक गप्प झाली. डबा तसाच परत नेऊ लागली. खोदून विचारले तेव्हा कळले की, बालरथ रोज उशिरा येतो असे तिने सरळ मनाने लिहिले होते. त्याखाली अनोळखी माणसांनी तिच्या नावावरून, डोक्यावरच्या ओढणीवरून, तिने कोणत्या देशात जावे यावरून, चाळीस-पन्नास घाणेरडी वाक्ये लिहिली होती. तिने आईला सांगण्याचा प्रयत्न केला नव्हता असे नाही. "अम्मी, मला ट्रोल करताहेत," असे ती म्हणाली. आईला वाटले, मासेमारीच्या ट्रॉलरचे काहीतरी शाळेत शिकवले असेल. ती म्हणाली, "बरं, आधी जेवून घे." मुलीने पुन्हा काढले नाही. अकरा दिवस ते पोर एकटे ते वाचीत होते.

आईची चूक मी मानीत नाही. शब्दच ठाऊक नव्हता. आणि गंमत अशी की ती अगदीच दूर नव्हती. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढीत नेणे याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, आणि फळ्यावरचा हा शब्द त्यावरूनच आला असे पुष्कळ जाणकार मानतात. समोरच्याने चिडून उत्तर द्यावे म्हणून टाकलेले आमिष म्हणजे ट्रोल. मासा तोंड लावतो म्हणून गळाला अर्थ आहे. यासाठी म्यूट आणि ब्लॉक ही दोन बटणे आहेत. म्यूट म्हणजे त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येणार नाही, आणि त्याला ते कळणारही नाही. ब्लॉक म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणे. दार लावण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावे लागले तर ते उपयोगी पडते. १९३० हा क्रमांक फोनवरून पैशांची फसवणूक झाल्यास आहे, तोही लिहून ठेवा. कित्येकदा शिव्या देणारा माणूसच नसतो. यंत्राकडून आपोआप लिहवून घेतात, त्याला बॉट म्हणतात. त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे बाई, मी यंत्राला घाबरत होते?" सगळीच यंत्रे नव्हती, परंतु ते मी तिला त्या दिवशी सांगितले नाही.

खाते उघडण्यास एक्सवर १३ वर्षे पुरी व्हावी लागतात. लहान मुलांनी वय वाढवून लिहिले असेल तर घरात रागावण्याऐवजी एकत्र बसून ते खाते पाहावे. 'प्रोटेक्टेड' नावाची सोय आहे. ती चालू केली म्हणजे ज्यांना आपण परवानगी दिली तेवढ्यांनाच फळा दिसतो. आणि आज ज्या आजी, खाला, काकू येथे बसल्या आहेत त्यांनी काही लिहिलेच पाहिजे असे मुळीच नाही. नुसते वाचण्यासाठी खाते ठेवणारे पुष्कळ आहेत.

माझा वेळ केव्हाच संपला आहे. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले, ते मी पाहिले. चहानंतर ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी खिडकीकडच्या बाकांवर बसावे. नववीच्या चार मुली माझ्याबरोबर आल्या आहेत, त्या एकेकाला देवनागरी कळफलक कसा चालू करावयाचा आणि म्यूटचे बटण कोठे असते ते दाखवतील.